हिरडीचे दुखणे : दातवणापासून मशेरीपर्यंत



महादेव गोविंद रानड्यांनी १८७५ साली ही व्याख्यानमाला सुरू केली. या व्यासपीठावरून या शहराने राजकारण, समाजसुधारणा, अर्थशास्त्र, वेदान्त असे एकाहून एक भारदस्त विषय ऐकले. तेथे कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने सुजलेल्या हिरड्यांवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी संपले आणि पुढचे जे काही झाले ते वाचनालयांच्या बाकांवर. पण तीस वर्षे मी माणसांच्या जवळ बसून बोलण्याचे काम करीत आलो आहे. कारखान्याच्या फाटकावर, हमालांच्या पालाखाली, विडी वळणाऱ्या बायांच्या उंबऱ्यावर. आणि जवळ बसून बोलणाऱ्याला समोरच्याचे तोंड दिसते. लाल, फुगलेल्या, हात लावला की रक्त येणाऱ्या हिरड्या मी इतक्या पाहिल्या की त्यांचा इतिहास शोधावा असे मला वाटू लागले.

तो इतिहास सहजासहजी सापडत नाही. मोठ्या रोगांना इतिहास असतो. १८९७ च्या प्लेगात रँडचा खून झाला, चाफेकर बंधू फासावर गेले, आणि पुण्याच्या प्रत्येक शाळकरी मुलाला ते साल पाठ झाले. हिरडीच्या सुजेने आजवर कोणा अधिकाऱ्याचा खून पाडलेला नाही. हे सोसण्यासारखे दुखणे आहे, आणि जे सोसता येते त्यासाठी रोज बुडवायचा नाही, हा कष्टकऱ्याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. खाडा केला तर मजुरी गेली. दात काय, रात्री लवंग धरली की सकाळी गप्प होतो. आपल्याकडच्या हिरडीच्या उपचारांचा इतिहास हा पुष्कळसा हे दुखणे गप्प करण्याचाच इतिहास आहे. कारण काढून टाकण्याचा विचार झाला नाही असे नाही, पण तो सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही.

प्रारंभ सुश्रुतापासून करणे भाग आहे. त्याने मुखाचे पासष्ट रोग सांगितले आणि त्यांतले पंधरा केवळ हिरड्यांचे. खुद्द दातांचे आठच. म्हणजे दातापेक्षा दात ज्यात रोवलेला आहे ती जागा अधिक बिघडते, हे त्या काळच्या निरीक्षकाच्या नजरेतून सुटलेले नव्हते. ‘शीताद’ नावाच्या रोगात हिरड्या मऊ पडतात, काळवंडतात, कारण नसताना रक्त येते आणि दुर्गंधी सुटते. ‘दंतपुप्पुटक’ म्हणजे दोनतीन दातांच्या मुळाशी येणारी दुखरी सूज. आजच्या दंतवैद्याने कानामागे पेन्सिल लावून लिहिलेले टिपण वाटावे इतके हे वर्णन नेमके आहे. उपाय म्हणून दूषित रक्त काढणे, मग काढ्यांच्या गुळण्या करणे, औषधी द्रव तोंडात धरून ठेवणे असा क्रम दिला आहे.

दातवणाविषयीही त्याचे नियम काटेकोर आहेत. लांबी बारा अंगुळे, जाडी करंगळीएवढी. कडू काड्यांत निंब श्रेष्ठ, तुरटांत खैर, तिखटांत करंज, गोडांत मोह. हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला सांगितलेलेच आहे. पण त्याच ठिकाणी आणखी एक सूचना आहे, ती आपण विसरलो किंवा अर्धवट लक्षात ठेवली: तोंड आलेले असेल, ओठ, जीभ, टाळू यांचा विकार असेल, तर दातवण करू नये. काडी राठ, तोंड हुळहुळे. सूचना शहाणपणाची होती. मात्र तिचा विस्तार लोकांनी पुढे असा केला की हिरडीतून रक्त आले रे आले की दात घासणेच बंद. आजही शंभरातल्या बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया हीच असते. ती का घातक आहे, याकडे मी थोड्या वेळाने येतो.

ग्रंथांतले वैद्यक एक आणि घरातले दुसरे. आपल्या पेठांतल्या घरी हिरडी सुजली म्हणजे काय करीत? कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, तुरटीचे पाणी, बाभळीच्या सालीचा काढा, हळद आणि मीठ तेलात कालवून हिरडीवर हलके बोट. दुखऱ्या दाताखाली लवंग, नाहीतर अक्कलकाऱ्याचा तुकडा, म्हणजे जीभ बधिर होईपर्यंत चुरचुर आणि मग थोडा आराम. हे सारे रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत पुडी बांधून मिळे. दात घासायला राखुंडी. गोवऱ्यांची राख नाहीतर कोळसा, त्यात मीठ. पुढे माकड छाप काळी पावडर आली, लाल मंजने आली, आणि पेंढारकरांच्या १९५२ साली सुरू झालेल्या विको कंपनीची वज्रदंती आली. आणि घरचे सगळे थकले म्हणजे दारावर वैदू येई. त्याच्या झोळीत मुळ्या, हातात तुंबडी, आणि चिमट्याने दात उपटून देण्याची तयारी. दात गेला की दुखणे गेले, हा त्याचा हिशेब निदान उघड तरी होता.

यातले काय खरे, काय खोटे? मिठाच्या पाण्याची गुळणी खरी आहे. आजचा दंतवैद्यही तीच सांगतो. तुरटीने हिरडी आवळल्यासारखी होते, तेवढ्यापुरते बरे वाटते. लवंगेतले युजेनॉल हे तेल खरोखर नस बधिर करते. जस्ताच्या भुकटीत ते कालवून दंतवैद्य अजूनही तात्पुरते सिमेंट भरतात. फक्त तेल नुसते ओतले तर हिरडी भाजते, हे कळले पाहिजे. राख, कोळसा, विटेची भुकटी यांनी मात्र दात पांढरे दिसतात ते घासून झिजल्यामुळे. लाकूड रंध्याने तासून चकचकीत करावे तसे हे आहे. प्रत्येक वेळी थोडे लाकूड जाते.

लवंगेवरून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १९३७ साली झांजिबारच्या सरकारने लवंगेच्या व्यापारातून तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांना बाजूला सारणारा कायदा केला. त्यावर काँग्रेसने झांजिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला आणि मुंबई बंदरात तो इतका यशस्वी झाला की १९३८ साली त्या सरकारला तडजोड करावी लागली. दाढेखालची लवंग नाकारून परक्या सत्तेला नमवणारा देश दुसरा कुठला असेल तर मला ठाऊक नाही. असो.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो त्या विषयावर येतो: मशेरी. तव्यावर तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजायची, चुरडायची, डबीत भरायची, आणि सकाळी बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना लावायची. पुष्कळ जणी सकाळी एकदा, दुपारी एकदा, निजताना एकदा लावतात आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवतात. विचारले तर उत्तर मिळते, “पूर्वीपासून चालत आलंय, दात मजबूत राहतात.” पूर्वीपासून म्हणजे केव्हापासून? तंबाखू या भूमीतली नाही. ती पोर्तुगिजांबरोबर आली. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला, तेव्हा तिथे ती त्याला नवलाची वस्तू म्हणून दिसली आणि त्याने ती बादशहासाठी आग्र्याला नेली. तेव्हा सुश्रुताला मशेरी ठाऊक असण्याचा संभव नाही. त्याआधी दात काळे करायला स्त्रिया मिस्सी वापरीत. ती मायफळ, हिराकस असल्या पदार्थांची भुकटी. नाव तिच्याशी मिळतेजुळते, माल मात्र नवा.

हा माल टिकला का, हे समजून घ्यायचे तर सवयीला नावे ठेवून भागणार नाही. कामाचा दिवस पाहावा लागेल. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. टेंभुर्णीचे पान कात्रीने कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजारावर. वळलेल्यांतल्या काही छाट म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे नाहीत. हजार भरेपर्यंत मान वर करायला सवड नाही. अशा बाईची हिरडी ठणकू लागली तर तिच्यासमोर दोन रस्ते असतात. एक, दवाखान्यात जाणे: रांग, दुपार, पाचशे विड्यांची मजुरी, वर फी. दुसरा, चूल पेटलेलीच आहे आणि तंबाखू सुपातच आहे. तंबाखूतले निकोटीन ठणका मंद करते, भूक मारते, थकवा विसरायला लावते. इतक्या स्वस्तात एवढ्या गोष्टी देणारे दुसरे औषध या व्यवस्थेने तिला दिलेलेच नाही. वर निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त येणे कमी दिसते आणि बाईला वाटते, गुण आला. आतला रोग चालूच असतो. काही दिवसांनी दुखण्यासाठी मशेरी राहत नाही, मशेरीसाठीच मशेरी लागते.

याचा परिणाम काय होतो, हे प्रथम मोठ्या प्रमाणावर मोजले गेले ते आपल्याच जिल्ह्यात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता, डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. एक लाखाहून अधिक तोंडे, घरोघर, बॅटरीच्या उजेडात! तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधी येणारे पांढरे चट्टे यांचा तंबाखूशी असलेला संबंध अशा पाहण्यांतून उघड झाला. पुढे १९९० नंतर मुंबईत सुमारे एक लाख लोकांची पाहणी झाली. तीत निम्म्याहून अधिक, शेकडा ५७ बायका तंबाखूचे सेवन करणाऱ्या आढळल्या. ओढणाऱ्या जवळजवळ नाहीतच, सगळी तोंडात धरण्याची, आणि त्यात मशेरी सर्वांत पुढे.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ३० एप्रिल १९९२ रोजी केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर बंदी घातली. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ साली न्यायालयाने बंदी उचलून धरली. २०१२ साली महाराष्ट्राने गुटखा बंद केला. पण श्रोतेहो, कायदा कारखान्याच्या फाटकाशी उभा राहतो. चुलीवरच्या तव्यापर्यंत जाण्याची त्याला वाट नाही, आणि मशेरी तव्यावर होते. विडीवालीचे दैव असे की कामगार म्हणूनही कायदा तिच्या दारापर्यंत उशिरा आला. १९४८ चा राज्य विमा कायदा कारखान्यातल्या माणसासाठी होता. घरी बसून वळणाऱ्या बाईला कामगार म्हणून ओळखायला १९६६ चा विडी कायदा यावा लागला, कल्याण निधी १९७६ साली. त्या निधीचा उपकर २०१७ साली उठला, आणि १९६६ चा कायदा २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहितांत जिरला. नव्या घरात जुन्या भाडेकरूला किती खोल्या मिळतात ते अजून दिसायचे आहे.

आता शास्त्राकडे वळू. दातात किडा असतो, ही समजूत बाबिलोनपासून आपल्या ‘कृमिदंता’पर्यंत जगभर होती. तो किडा खरोखर पाहिला तो डेल्फ्ट गावच्या एका कापडवाल्याने. लेव्हेनहुक त्याचे नाव. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला माणूस, म्हणून मला तो विशेष जवळचा. १६८३ साली त्याने आपल्या दातांवरची पांढरी साय खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरली आणि तीत वळवळणारे असंख्य जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. पण ती साय आणि हिरडीची सूज यांचा कार्यकारणभाव पक्का व्हायला १९६५ साल उजाडले. हाराल्ड ल्यो आणि त्याचे सहकारी यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांची बारा माणसे घेतली, बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, आणि त्यांना दात साफ करणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत झाडून साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग घासणे पुन्हा सुरू केले. आठवडाभरात हिरड्या पूर्ववत. ना औषध, ना गोळी. रक्त आले म्हणून घासणे थांबवणाऱ्यांना याहून स्वच्छ उत्तर कोणी दिलेले माझ्या वाचनात नाही.

ह्याच ल्योची दुसरी पाहणी वाचली तेव्हा मात्र मी पुस्तक खाली ठेवले. १९७० साली तो श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांत गेला आणि तिथल्या ४८० तरुण तमिळ मजुरांची तोंडे पाहू लागला. ह्या माणसांना दंतवैद्य मिळालेला नव्हता, ब्रश ठाऊक नव्हता. उपचार नसेल तर रोग कसा वाढतो हे पाहायला अशीच माणसे हवी होती. दुसऱ्या बाजूला तुलनेला नॉर्वेतले सुशिक्षित, नियमित दंतोपचार मिळणारे लोक. पंधरा वर्षे मोजमाप चालले. हिरडीसूज जवळजवळ प्रत्येक मजुराला होती. पण शेकडा ८ जणांत रोग झपाट्याने खोल गेला, ८१ जणांत मध्यम गतीने, आणि ११ जणांत सुजेपलीकडे सरकलाच नाही. शास्त्राच्या दृष्टीने मोलाची माहिती. आज जगभरचे विद्यार्थी ती परीक्षेत लिहितात. पण पंधरा वर्षे ज्यांच्या हिरड्यांत मोजपट्टी घातली, त्यांचे दात मोजायचे की राखायचे, हा प्रश्न मळ्यावर एखादी जागी संघटना असती तर तिने पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवला असता. त्या मजुरांचे ऋण आपल्या प्रत्येकाच्या तोंडावर आहे.

दंतवैद्य आपल्याकडेही उशिराच आला. डॉ. रफीउद्दीन अहमदांनी कलकत्त्याला पहिले दंत महाविद्यालय १९२० साली काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे १९३३ साली निघाले. दंतवैद्य कायदा १९४८ चा. त्याने पदवीधरांची नोंदवही केली, तशीच पदवी नसली तरी वर्षानुवर्षे याच कामावर पोट भरणाऱ्यांची दुसरी नोंदवही ठेवली, हे मला त्या कायद्यातले माणुसकीचे कलम वाटते. पुण्यात भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय निघाले ते १९८९ साली. त्याआधी या शहराच्या उंबऱ्यावर एक वेगळेच औषध आले होते: १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. हिरडीच्या पुवाने गाल सुजून, विष रक्तात जाऊन माणसे मरत. ते मरण पेनिसिलीनने अडवले. पिंपरीच्या कामगारांनी या गोष्टीचा अभिमान बाळगला तर तो रास्तच आहे. मात्र या वरदानाचीही आपण मशेरी केली. हिरडी दुखली की औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या. दुखणे गप्प, किटण जागच्या जागी, आणि पुढच्या वेळी त्या गोळ्यांना जंतू दाद देत नाहीत.

मग करावे काय? मी वाचलेले आणि दंतवैद्यांना विचारून खात्री करून घेतलेले एवढेच सांगतो. दातांवरची साय वेळेवर निघाली नाही की लाळेतल्या क्षारांनी तिचे किटण बनते आणि मग ते ब्रशाने निघत नाही. म्हणून मऊ ब्रशाने, हिरडीच्या कडेला धरून, हलक्या हाताने सकाळी व रात्री घासावे. रक्त आले तरी घासावे. दोन दातांमधली फट दोऱ्याने साफ करावी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीनचार वेळा. दुखण्याची गोळी गिळायची असते, दाताशी धरायची नसते. तशी धरल्याने हिरडी पोळते. आठदहा दिवसांत उतार पडला नाही तर किटण काढून घ्यावे. ‘दात साफ केले की हलतात’ अशी भीती मी शेकडो तोंडांतून ऐकली आहे. खरे असे की किटणाने फट बुजलेली असते आणि हिरडी फुगलेली असते. किटण गेले, सूज उतरली, म्हणजे फट दिसते आणि गार पाणी काही दिवस झोंबते. दात हलायला लागलेला असतो तो आधीच्या रोगाने.

गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय. तिथे लवंगेचे काम नाही. तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर दुखत नसला तरी दाखवावा, मशेरी लावणाऱ्या बायांनी तर अवश्य. गरोदरपणी हिरड्या सुजतात, मधुमेहात वारंवार सुजतात. फिट्सच्या किंवा रक्तदाबाच्या काही औषधांनीही फुगतात. तेव्हा औषधे चालू असतील ती दंतवैद्याला सांगावी, आपल्या मनाने बंद करू नयेत.

या शहरात आरोग्य आणि रोजगार यांची सांगड घालणारी माणसे झाली नाहीत असे नाही. हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव मुळात नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉक्टर. रोग्याच्या पाठीवरचे ओझे पाहूनच ते संघटनेकडे वळले. त्या वाटेने जाताना आम्ही एका कारखान्याच्या मागणीपत्रात एक कलम घातले: वर्षातून एकदा दंततपासणी आणि किटण काढणे, त्यासाठी अर्धा दिवस पगारी. वाटाघाटीला बसलेल्या व्यवस्थापनाच्या गृहस्थांनी ते वाचून हसत विचारले, “आता दातांचेही मागता का?” आमच्या समितीतल्या एक वयस्क बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, कँटीनची भाकरी चावायलाच मागतो.” शेवटी कलम निम्मे मान्य झाले. तपासणी मिळाली, पगारी वेळ मिळाला नाही. तपासणीच्या दिवशी दुसऱ्या पाळीची माणसे कामाआधी येऊन गेली. पहिल्या पाळीतून चौघे आले. पुढच्या करारात ते कलम आम्ही पहिल्या पानावर घेतले आहे.